सालीच्या पाण्यातलं पहिलं कार्ड

तज्ज्ञ म्हणून मला आयुष्यात एकदाच बोलावणं आलं, आणि ते आठवीत असताना. विषय होता क्रिकेटची कार्डं. बोलावणारा होता आमच्या गावच्या टीमचा कॅप्टन. दहावीतला, ओठावर नुकती काळी रेघ उमटलेला. तोपर्यंत तो माझ्याशी एकूण दोनच वाक्यं बोलला होता. एक, "बॉल आण." दुसरं, "लवकर आण."

टीममधलं माझं पदच ते होतं. गोंडपिपरीहून सायकलीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. गावाला एक बोडी, म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला बांधलेला छोटा तलाव. तिच्या पाळीला लागून आमचं मैदान. मैदानाच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला बेशरमाची दाट झुडपं. नियम असा होता की बॉल बोडीत गेला तर मारणारा आऊट, आणि पाण्यात उतरून तो आणायचाही त्यानंच. बेशरमात गेला तर मी आणायचा. बेशरमाच्या बाबतीत आऊट वगैरे काही नव्हतं. तिथं फक्त मी होते.

बॅटिंगचं विचारलं की मला सांगायचे, "येते ना तुहा नंबर." तीन वर्षं माझा नंबर येत होता. दिवस बुडायचा, गाई परतायच्या, स्टंपा उपटल्या जायच्या, आणि तो आपला येतच असायचा.

पण कार्डांच्या खेळात मी राणी होते. ही कार्डं च्युइंगमच्या पाकिटात निघायची. गुलाबी, खडूसारखी कडक वडी आणि तिच्या पाठीला चिकटलेलं एक कार्ड. पुढं खेळाडूचा फोटो, मागं आकडे : सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, झेल. दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापला गठ्ठा पालथा धरायचा, वरचं कार्ड उचलून एक रकाना पुकारायचा. "धावा!" ज्याचा आकडा मोठा, तो जिंकला. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला एक कार्ड द्यायचं. कोणतं द्यायचं ते मात्र हरणाऱ्याच्या मर्जीवर. हा नियम आमच्याच गावचा असावा, कारण पुढं मी तो जिथं जिथं सांगितला तिथं लोकांनी मला येडी ठरवलं. त्यामुळं आमच्याकडं जिंकणाऱ्याच्या घरी गावभरातला कचरा जमायचा.

आणि या सगळ्या कार्डांत 'थो' होता. झाडीपट्टीत 'तो'ला 'थो' म्हणतात. आमच्या पिढीतल्या त्या फलंदाजाचं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नसे. "थो खेळून राह्यला का बे?" एवढं कुणी ओरडलं की अख्खी आळी पंचायतीच्या टीव्हीकडं धावायची. त्याचं कार्ड दर हंगामात नव्यानं यायचं आणि मागचे आकडे वाढलेले असायचे. त्यामुळं त्याचं नवं कार्ड म्हणजे गठ्ठ्यातला राजा, आणि त्याचं जुनं कार्ड म्हणजे कशालाच उपयोग नसलेलं. धावा पुकारा, हरा. झेल पुकारा, हरा. जुनं कार्ड कुणाच्याही गळ्यात मारायला आम्ही टपलेलो असायचो.

हे लक्षात असू द्या. पुढं त्याचा आम्हाला बराच मनस्ताप होणार आहे.

त्या दिवाळीच्या सुटीत गावात एक पोरगा आला. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत राहणारा. त्याचे मामा आमच्याकडं फॉरेस्टमध्ये होते, त्यांच्या क्वार्टरमध्ये तो उतरला. पायात मोजे, हिंदीत मराठी मिसळून बोलणं, आणि काखेत एक जाड अल्बम. त्या अल्बमात 'थो'ची कार्डं ओळीनं लावलेली, प्रत्येक हंगामाची. पहिलं पान मात्र रिकामं होतं. तिथं पेन्सिलीनं आखलेली एक चौकट, त्याखाली बारीक अक्षरात काही लिहिलेलं, आणि आत काही नाही.

"फर्स्ट वाला चाहिए," अल्बमवाल्यानं पाळीवर उभं राहून जाहीर केलं. "सबसे पहला. जब वो नया था. ज्याच्याकडे असेल त्याला मी बॅट देणार."

त्यानं बॅट दाखवली. खरी, दुकानातली, गोरीपान बॅट. मुठीला रबर, पाठीवर स्टिकर. त्याला नवी मिळणार होती, म्हणून ही द्यायला तयार होता. आमची बॅट सुतारानं सागाच्या फळीतून कापून दिलेली होती. बॉल लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या, आणि त्या पावसाळ्यात ती उभी चिरली होती. तिला सायकलच्या ट्यूबनं बांधून आम्ही खेळत होतो.

पुढचे दोन दिवस आजूबाजूच्या गावांतली पोरं त्या क्वार्टरच्या ओसरीवर रांग लावून होती. कुणी कोणाचंही कार्ड आणत होतं. एकानं तर हॉकीवाल्याचं आणलं. अल्बमवाला कावला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं निरोप पाठवला की चारच्या बसनं तो जाणार आहे. एका टीमनं एकच कार्ड दाखवायचं, आणि तेही एकदाच. चुकलं की परत यायचं नाही.

मग मला बोलावणं आलं.

कॅप्टन पाळीवर बसला होता. टीम त्याच्या मागं. त्यानं घसा खाकरला. तिसरं वाक्य जन्माला येताना मी पाहत होते.

"तुले कार्डाचं समजते म्हणतात."

"कोण म्हणते?"

"सारेच म्हणतात. सांग ना वो. पयलं कार्ड कोणतं?"

"मले काय भेटन?"

मागं कुजबुज झाली. कॅप्टननं बेशरमाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बॅट आली तं पयली बॅटिंग तुही."

"पयली? सगळ्यांच्या आधी?"

"शब्द म्हणजे शब्द."

मी ओढणी खोचली आणि मांडी घालून बसले. एवढ्या मोठ्या सभेपुढं बसायची माझी पहिलीच वेळ होती. ती मी पुरेपूर वापरली हे कबूल करते. आधी पाणी मागवलं. ते प्याले. मग म्हणाले, "आणा काय काय आहे ते."

कॅप्टनकडं स्वतःचं एक होतं. चकचकीत, कोपऱ्यात ठसठशीत एक नंबर छापलेलं. "एक नंबर म्हणजे पयलं. अजून काय पायतं?" तो म्हणाला. टीमनं माना डोलावल्या. माझ्याकडंही एक होतं, आणि माझा जीव त्याच्यावर होता. त्यात 'थो' इतका कोवळा दिसायचा की आमच्या वर्गात बसवला तर मास्तरांनी फळा पुसायला उठवला असता. गालावर लव नाही. टोपी कानांवर आलेली. हेच पहिलं, यात मला सकाळपर्यंत तरी शंका नव्हती.

दोन्ही कार्डं मांडीवर ठेवून मी पाहत बसले, आणि मला माझे बाबा आठवले. बैलबाजारात बाबा बैलाची कातडी पाहत नसत. विकणारा बैलाला धुऊन, शिंगांना तेल लावून आणायचा, आणि बाबा सरळ त्याचा जबडा उघडून दात मोजायचे. वय दातांवर कळतं. मी कार्डं उलटली.

एक नंबरच्या कार्डामागं सामन्यांच्या रकान्यात दोन आकड्यांची भरदार संख्या होती. तो एक नंबर म्हणजे त्या हंगामातल्या गठ्ठ्यातला क्रमांक, बाकी काही नाही. आणि माझं कोवळं कार्ड? त्याच्यामागं तर आणखी जास्त सामने. छापणाऱ्यानं जुना फोटो उचलून नव्या आकड्यांवर चिकटवला होता. धुतलेला बैल.

"दोन्ही नाई," मी म्हणाले.

"काऊन नाई?"

"दात पाय त्याचे." मी मागचे आकडे दाखवले. "नवा असन तं सामने कमी पाह्यजेत. लय कमी."

कॅप्टन आकड्यांकडं पाहत राहिला. एक नंबरवरून मन काढायला त्याला बराच वेळ लागला. "मंग असं कार्ड कोणाजोळ आहे?"

मी घरी धावले आणि गणिताची वही आणली. हातातून गेलेल्या प्रत्येक कार्डाचे आकडे मी तिच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवत असे. का, ते विचारू नका. गणितात मात्र मला काठावर गुण असायचे. पानं उलटत गेले. 'थो'ची सगळी कार्डं क्रमानं सापडली, आणि सगळ्यात जुन्या पानावर एक नोंद निघाली. सामन्यांच्या पुढं एकटा आकडा, दशकाला अजून न पोचलेला. धावा इतक्या कमी की त्या पाहून मला त्याही वेळी लाज वाटली असणार, कारण पुढं मी लिहून ठेवलं होतं : "खराब. देऊन टाकलं."

म्हणजे पहिलं कार्ड माझ्याच हातात होतं. आणि मी ते हरल्याचा दंड म्हणून एकाच्या गळ्यात मारलं होतं. दात विचकून मारलं होतं, हेही आठवलं.

तो एक म्हणजे माझ्या वर्गातला एक पोरगा. बोडीच्या पलीकडच्या काठाला त्यांची घरं. घरातले सगळे मासे धरायचे, म्हणून त्याला सगळे जाळेवाला म्हणायचे. कार्डांच्या खेळात तो क्वचित बसायचा, पण त्या दिवशी त्यानं मला हरवलं होतं. त्याला ते टाकाऊ कार्ड दिलं, तर तो उलट खूश. "थोच आहे ना? मंग चालते," एवढंच म्हणाला आणि खिशात घालून गेला होता.

मी आणि कॅप्टन त्याच्या घरी गेलो तेव्हा अंगणात पाणी तापवायच्या मोठ्या गुंडीखाली जाळ होता आणि त्याचा आजा त्यात सुताचं फेकजाळं बुडवत होता. नायलॉनची जाळी तोवर आली होती, पण आज्याचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. गुंडीत येनाच्या झाडाची साल उकळलेली. त्या लालसर पाण्यात सुताचं जाळं मुरवलं की ते कुजत नाही, दरवर्षी मुरवायचं, अशी त्यांची रीत.

"थोचं जुनं कार्ड आहे का रे तुझ्याजोळ?" मी विचारलं. "मीनं देल्लं होतं थे?"

"आहे ना." जाळेवाला आत गेला आणि जात्याखालून एक पुडकं काढून आणलं. पुडक्यात एक चपटी, काथ्याच्या रंगाची वस्तू होती. कॅप्टननं ती सुलटी धरली, उलटी धरली. "हे काय आहे बे? चपलेचा तळवा?"

"कार्ड आहे. सालीच्या पाण्यात बुडवलं मीनं."

"कायले?"

"टिकाले." त्यानं गुंडीकडं बोट दाखवलं. "जाळं टिकते, तं कागद काऊन नाई टिकणार? दरसाल बुडवतो. जाळ्यासंगं. पाणी थंड झाल्यावर, दम धरून राहाता येते तेवढाच टाइम, मंग काढून जात्याखाली वाळवतो."

तीन वर्षं त्यानं 'थो'ला तीनदा सालीच्या पाण्यात घातलं होतं. खेळाडूचा चेहरा चिखलात पडलेल्या पैशासारखा झाला होता. मी डोकं धरून बसले. पण मग आठवलं की त्या हंगामातली बाकीच्यांची कार्डं कुठं आहेत? माझ्या जुन्या कार्डांचा गठ्ठा वाळवीनं खाल्ला होता. कॅप्टनची पावसात भिजून त्यांचा लगदा झाला होता. चिकट पाठीची ती कार्डं आमच्या हवेत दोन पावसाळे काढत नसत. हे एकटं उरलं होतं.

मी ते उलटलं आणि उन्हात तिरकं धरलं. तपकिरीवर काळी अक्षरं. सामने : एकटा आकडा. वहीतला तोच.

"देतो का?" मी विचारलं.

जाळेवाला माझ्याकडं पाहून हसला. "आता खराब नाई का?"

मी वही पाठीमागं लपवली.

"देतो," तो म्हणाला. "पण बॅट माह्या घरी राहीन."

कॅप्टननं मान डोलावली. मग मला बाजूला घेऊन तो कुजबुजला, "अवो, थो पोट्टा हे पाहून हाकलून देईन आपल्याले. एकच चान्स आहे. माह्यं एक नंबरचंच दाखवू. त्याले काय समजते?"

खरं सांगते, मीही क्षणभर डळमळले. चकचकीत कार्ड दाखवलं आणि अल्बमवाल्याला कळलं नाही, तर बॅट आमची. कळलं, तर माझा नंबर परत बेशरमात. आणि हे तपकिरी दाखवलं आणि तो हसला, तरी तेच. मी वही छातीशी धरली आणि म्हणाले, "तज्ज्ञ कोण आहे?"

आम्ही तिघं पोचलो तेव्हा क्वार्टरच्या ओसरीवर अल्बमवाला बॅग भरून बसला होता. साडेतीन झाले होते. मामींनी आम्हाला पाण्याचे पेले दिले. मी पुढं झाले आणि कार्ड दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं, त्याच्यापुढं धरलं.

"ये क्या है?" तो म्हणाला. "कत्था लगाया क्या?"

मी शांतपणे कार्ड फरशीवर ठेवलं आणि पेल्यातलं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं.

"अगं!" मामी ओरडल्या.

"तुह्या अल्बमातलं एक काढ," मी अल्बमवाल्याला म्हटलं, "अन् असंच पाणी टाक. पाय काय होते."

त्यानं अल्बम पाठीमागं लपवला. आमचं कार्ड पाण्यात पडून होतं, ना फुगलं ना सुटलं. आणि ओलं झाल्यावर, नदीतला दगड ओला झाला की त्यावरच्या रेषा दिसतात तसा, त्या तपकिरीतून 'थो' वर आला. टोपी, बॅट, कॅमेऱ्याकडं न पाहणारे डोळे. अल्बमवाला गुडघ्यांवर बसला. त्यानं कार्ड उलटलं, अल्बमचं पहिलं पान उघडलं, आणि चौकटीखालची पेन्सिलीची अक्षरं एकेक करून बोटानं जुळवू लागला. त्याच्या मोठ्या भावानं कुठून तरी मिळवून लिहिलेले आकडे होते ते. सामने. धावा. सर्वोच्च. झेलांच्या रकान्यावर त्याचं बोट जरा जास्त थांबलं, आणि मी पेला तोंडाला लावला. पेला तर मी रिकामा केला होता.

"सही है," तो म्हणाला.

कॅप्टननं बॅटवर झडप घातली. मी निघणार तेवढ्यात अल्बमवाल्यानं मला थांबवलं. तो आपल्या गोऱ्यागोमट्या, चकचकीत कार्डांच्या रांगेकडं पाहत होता आणि त्यांच्या शेजारी धरलेल्या तपकिरी कार्डाकडं. "बाकी के भी ऐसे हो सकते हैं क्या?"

जाळेवाल्यानं धावत घरी जाऊन मूठभर साल आणली, वर्तमानपत्रात बांधून त्याला दिली आणि कसं करायचं ते सांगितलं. मी मध्ये पडले नाही. बस आली, तो गेला. त्या अल्बमचं पुढं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही, आणि मी चौकशीही केली नाही.

रविवारी सकाळी टीम मैदानात जमली. मी न्हाऊन, दोन वेण्या घालून, भावाचे बूट घालून आले होते. जाळेवाला पाळीवरून येताना दिसला. बॅट त्यानं खांद्यावर टाकली होती, आणि तो जरा वाकून चालत होता.

बॅट काथ्याच्या रंगाची झाली होती.

"काय केलं बे हे?" कॅप्टनचा आवाज फुटला.

"बुडवली. दोन दिवस, दोन राती." जाळेवाल्याच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "लाकूड जाड आहे ना. आता मरतपर्यंत टिकते."

रबर सुटून आलं होतं. स्टिकर गेलं होतं. कॅप्टननं बॅट एका हातानं उचलायचा प्रयत्न केला, मग दोन्ही हातांनी. ती बोडीचं निम्मं पाणी प्यायली असावी. एकदा फिरवून पाहिली, तर बॅट थांबली आणि कॅप्टन फिरला. त्यानं ती जमिनीवर टेकवली आणि घाम पुसला. टीमकडं पाहिलं. टीम दुसरीकडं पाहत होती.

मग त्याची नजर माझ्यावर आली.

"पयली बॅटिंग पोट्टीची," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द."

मी गेले. बॅट मला उचलता येत नव्हती, म्हणून मी ती आधीच मागं नेऊन ठेवली आणि बॉलची वाट पाहिली. कॅप्टननंच टाकला. दया करून हळू टाकला. मी सगळं अंग घालून ती बॅट ओढली, ती निघाली, आणि एकदा निघाल्यावर ती कुणाचं ऐकणार नव्हती. ठक्क असा भिजका आवाज झाला. हाताला अजिबात झिणझिण्या आल्या नाहीत. बॉल कॅप्टनच्या डोक्यावरून गेला, पाळीवरून गेला, पाळीवरच्या म्हशीवरून गेला, आणि बोडीच्या पार मधोमध पडला.

मग कॅप्टननं बोट वर केलं.

"आऊट."

"हाव," मी म्हणाले.

"आणायचाही तुलेच."

"ठाऊक आहे."

भावाचे बूट पाळीवर काढून ठेवले आणि मी पाण्यात उतरले. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. काठावरून जाळेवाला ओरडून सांगत होता की कुठं गाळ आहे आणि कुठं नाही. बॉल हाताशी आला तेव्हा मी मागं वळून पाहिलं. तिथून मैदान बरंच दूर होतं. एवढ्या लांब कुणी मारलेला मी तरी पाहिला नव्हता. क्रीजमध्ये ती तपकिरी बॅट पडलेली होती, आणि तिच्याभोवती उभी राहून सगळी टीम ठरवत होती की आता कुणाचा नंबर.